‘प्लीज वेट’वर अडलेला अर्ज आणि इतर प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. चांगला चालता लॅपटॉप भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली टाकणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते: बाकी सगळे चालते, सरकारी काम अडते. या वेळचे सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत. आज्ञांची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहावीत.

प्रश्न: एका विभागाच्या पोर्टलवर फायरफॉक्समधून गेले की ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही, इंटरनेट एक्सप्लोअरर वापरा’ असा फलक येतो आणि पुढे काहीच होत नाही. शेजाऱ्याच्या विंडोजवर फायरफॉक्समधूनच ते पान उघडते. मग माझे काय चुकते? — वाचक, नाशिक

उत्तर: तुमचे काही चुकत नाही. इंटरनेट एक्सप्लोअररचा आधार १५ जून २०२२ लाच संपला, म्हणजे तो फलक काढायचे कोणाच्या तरी राहून गेले आहे. कोणताही ब्राउझर पान मागताना स्वतःची ओळखपट्टी पाठवतो. लिनक्सवरच्या फायरफॉक्सच्या पट्टीत ‘एक्स११, लिनक्स’ हे शब्द असतात आणि शेजाऱ्याच्या पट्टीत ‘विंडोज एनटी’. दारावरचा पहारेकरी तेवढेच वाचतो. आत काय चालते आणि काय नाही, हे त्याला ठाऊक नसते.

ही ओळखपट्टी बदलता येते. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी ‘अबाउट:कॉन्फिग’ टाका, ‘जनरल.यूजरएजंट.ओव्हरराइड’ या नावाची नवी स्ट्रिंग तयार करा आणि तिच्यात शेजाऱ्याच्या फायरफॉक्सची ओळखपट्टी जशीच्या तशी चिकटवा. काम झाले की ती नोंद पुसा. नाहीतर प्रत्येक संकेतस्थळ तुम्हाला विंडोजच्याच फाइली देऊ करेल, आणि फायरफॉक्सची नवी आवृत्ती आली तरी पट्टी जुनीच जात राहील. एवढ्या एकाच पोर्टलसाठी बदल हवा असेल तर यूजर-एजंट बदलणारे एक्स्टेन्शन बरे.

पट्टी बदलूनही पान मधेच थांबले, तर आत खरोखर ॲक्टिव्हएक्स किंवा जावा ॲपलेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा जुन्या पद्धतीचा छोटा प्रोग्राम, असणार. ॲपलेट चालवणारी सोय क्रोमने २०१५ मध्ये काढली आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीत. त्यामुळे अशा पोर्टलवर विंडोजवालेही अडतात. तक्रारीत ही गोष्ट आवर्जून लिहा, कारण ‘लिनक्सवाला एकटाच’ असे म्हणून फाइल बाजूला ठेवता येत नाही.

जाता जाता: पैसे भरून परत येताना सत्र तुटत असेल तर पत्त्याशेजारच्या ढालीवर टिचकी मारून त्या संकेतस्थळापुरते ट्रॅकिंग-संरक्षण बंद करून पाहा. आणि पुन्हा पैसे भरण्याआधी ‘ग्रास’ या राज्य सरकारच्या पैसे भरण्याच्या पोर्टलवर जाऊन एमएचने सुरू होणारा चलनाचा जीआरएन क्रमांक शोधा. बहुतेक वेळा चलन तयार झालेले असते.

प्रश्न: कार्यालयाने ईमेलने पाठवलेला पीडीएफ अर्ज उघडला की पानावर फक्त ‘प्लीज वेट…’ आणि खाली ॲडोबी रीडर अद्ययावत करण्याची सूचना दिसते. तासभर थांबलो. — वाचक, सोलापूर

उत्तर: दिवसभर थांबलात तरी तेच दिसेल. ते वाक्य म्हणजे प्रगतीची खूण नव्हे. तेच त्या फाइलचे एकमेव पान आहे.

पीडीएफ अर्ज दोन जातींचे असतात. ॲक्रोफॉर्ममध्ये रकाने पानावरच ठेवलेले असतात, आणि ओक्युलर, एव्हिन्स, कोणतेही वाचक-सॉफ्टवेअर ते भरू देते. दुसरी जात एक्सएफए. तिच्यात खरा अर्ज एक्सएमएलच्या रूपात फाइलच्या पोटात असतो आणि वरचे पान केवळ मुखवटा असते. ज्या सॉफ्टवेअरला एक्सएफए समजत नाही, त्याला मुखवटाच दिसतो. ॲडोबीने लिनक्ससाठी रीडर काढणे २०१३ मध्ये ९.५.५ या आवृत्तीवर थांबवले, आणि एक्सएफएला पुढे पीडीएफ २.० च्या मानकानेच २०१७ साली निवृत्त केले. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या एमसीए-२१ या पोर्टलच्या दुसऱ्या आवृत्तीतले अर्ज याच जातीचे होते. तिसऱ्या आवृत्तीत ते वेबवर भरायचे झाले. इतर कार्यालयांच्या कपाटांत मात्र जुन्या फाइली अजून फिरत असतात.

जात ओळखायला ‘पीडीएफइन्फो’ ही आज्ञा फाइलच्या नावासह चालवा. उत्तरातल्या ‘फॉर्म’ या ओळीपुढे एक्सएफए लिहिलेले असेल तर निदान पक्के.

उपाय सोपा आहे. ती फाइल फायरफॉक्समध्ये ओढून टाका. ९३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, फायरफॉक्सला एक्सएफए वाचता येते. भरा, छापा, सही करून द्या. कागदी प्रत चालत असेल तर काम झाले. भरलेली फाइलच परत पाठवायची असेल तर जरा जपून. आकडेमोड करणारी, रकाने तपासणारी आणि सही घेणारी बटणे फाइलमधल्या स्क्रिप्टवर चालतात आणि ती बहुधा मुकी राहतात. भरलेली फाइल बंद करून पुन्हा उघडा, आपला मजकूर राहिला आहे का ते पाहा, मगच पाठवा.

प्रश्न: आयकर विवरणाची एक्सेल फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पण तपासणीचे बटण दाबले की मॅक्रोची चूक येते. लिब्रेऑफिसचा दोष का? — वाचक, जळगाव

उत्तर: अर्धा. त्या फाइलमधले मॅक्रो, म्हणजे तिच्यातले छोटे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टच्या व्हीबीए या भाषेत, विंडोजवरचे एक्सेल समोर धरून लिहिलेले आहेत. लिब्रेऑफिसला व्हीबीए बरेच समजते, सगळे नाही. एक पायरी अडली की पुढची, पोर्टलवर चढवायची जेसन फाइल तयारच होत नाही.

त्या फाइलचा नाद सोडा. आयटीआर-१ ते आयटीआर-४ हे चारही अर्ज पोर्टलवर थेट ब्राउझरमध्ये भरता येतात, आणि अर्धवट मसुदा जतन होतो. पगार, व्याज, टीडीएस हे आकडे आधीच भरलेले येतात. ते फॉर्म १६ आणि वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहा. जेसन फाइल मजकूर-संपादकात उघडून हाताने दुरुस्त करावी असा मोह काहींना होतो. तो टाळा. फाइलच्या सुरुवातीला ती कोणत्या सॉफ्टवेअरने बनवली याची नोंद आणि मजकुरावरून काढलेला डायजेस्ट (पडताळणीचा सांकेतिक ठसा) असतो, आणि हाताने केलेला बदल त्याच्याशी जुळत नाही.

विवरण भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी लागते. आधारवरचा ओटीपी किंवा नेटबँकिंग, दोन्हींत संगणक कोणता हे कोणी विचारत नाही. पोचपावती आणि वार्षिक माहिती विवरण यांच्या पीडीएफना जो पासवर्ड लागतो तो म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ अंकांत: ५ जानेवारी १९७० असेल तर ०५०११९७०. मध्ये रेघ नाही, जागा नाही.

प्रश्न: डिजिटल सातबारा काढला. बँकेत म्हणतात, ‘सही पडताळलेली दिसत नाही, हिरवी खूण आणा.’ ओक्युलरमध्येही ‘प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’ असे येते. उतारा खोटा आहे का? — शेतकरी वाचक, बारामती तालुका

उत्तर: नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सोडवू.

टर्मिनलमध्ये ‘पीडीएफसिग’ ही आज्ञा फाइलच्या नावासह चालवा. डेबियन-उबुंटूत ती ‘पॉपलर-यूटिल्स’ या पॅकेजात मिळते. उत्तरात शेवटी शेवटी दोन ओळी येतात. पहिली सहीच्या तपासणीची: ‘सिग्नेचर इज व्हॅलिड’. याचा अर्थ सही झाल्यापासून फाइलमधले एक अक्षरही बदललेले नाही. दुसरी प्रमाणपत्राच्या तपासणीची, आणि तीच तुमच्याकडे नापास होते. तिचा अर्थ एवढाच की सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर ज्या मूळ संस्थेची मोहोर आहे, ती संस्था तुमच्या संगणकाला ठाऊक नाही.

भारतात ही मूळ संस्था म्हणजे सीसीए, प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक. तिचे मूळ प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या यादीत नाही, आणि ओक्युलर व पीडीएफसिग दोघेही फायरफॉक्सचीच यादी वाचतात. ते आपण घालायचे. सीसीएच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्रे उतरवा. ती सालवार आहेत, उदाहरणार्थ ‘सीसीए इंडिया २०१४’ आणि ‘सीसीए इंडिया २०२२’. मग फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता व सुरक्षा, तिथे प्रमाणपत्रे पाहा, प्राधिकरणे, आयात. आयात करताना दोन चौकोन विचारले जातात. ‘ईमेल वापरणारे ओळखण्यासाठी’ यावर खूण करा. पीडीएफच्या सहीची तपासणी तोच हक्क पाहते. ‘संकेतस्थळे ओळखण्यासाठी’ हा चौकोन मोकळाच ठेवा. जुलै २०१४ मध्ये याच साखळीतल्या एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) उप-प्राधिकरणाकडून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती आणि सीसीएला त्या उप-प्राधिकरणाची प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. सातबारा तपासायला संकेतस्थळांची किल्ली देण्याचे काही कारण नाही.

इतके करूनही ओक्युलर ऐकत नसेल तर तुमचा फायरफॉक्स स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजांतला असेल. त्याची प्रोफाइल वेगळ्या फोल्डरात असते आणि ओक्युलरला सापडत नाही. ओक्युलरच्या सेटिंग्जमध्ये बॅकएंड, पीडीएफ, प्रमाणपत्रांचा डेटाबेस इथे त्या फोल्डराचा मार्ग हाताने द्या.

आता बँक. छापील कागदावरची हिरवी खूण हे निव्वळ चित्र आहे. रंगीत प्रिंटरवर कोणालाही काढता येते. बँकेला फाइलच द्या किंवा उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक द्या, म्हणजे महाभूमीच्या संकेतस्थळावर मूळ नोंद त्यांची त्यांनाच पाहता येईल. फाइल देताना ती ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नका, दुसऱ्या पीडीएफला जोडू नका, आकारही कमी करू नका. या तिन्हींत नवी फाइल तयार होते आणि सही गळून पडते. दिसायला उतारा तसाच दिसतो, हाच घोटाळा.

ई-आधारलाही हेच सगळे लागू. त्याचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष.

प्रश्न: पोर्टल म्हणते, छायाचित्र १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ उंच, ५ ते २० केबी. कागदपत्र ७५ ते ५०० केबी. माझे छायाचित्र कधी २३ केबी होते तर कधी ४. कागदपत्र ७५ च्या वर जातच नाही! — विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: छायाचित्रासाठी इमेजमॅजिक या चित्रांच्या सॉफ्टवेअरला थेट वरची मर्यादा सांगता येते. ‘कन्व्हर्ट’ आज्ञेला आकार १६० गुणिले २१२, त्यापुढे उद्गारचिन्ह, आणि ‘जेपेग:एक्स्टेंट’ची व्याख्या १९ केबी असे द्या. गुणवत्ता किती उतरवायची ते ते स्वतः ठरवते. उद्गारचिन्हाचा अर्थ प्रमाण न पाहता ताणा, म्हणून आधी जिंप या चित्र-संपादकात त्याच प्रमाणात कातरून घ्या, नाहीतर चेहरा लांबुळका होईल. जिंपमध्येच निर्यात करणार असाल तर ‘चित्रखिडकीत पूर्वदृश्य दाखवा’ ही खूण केली की गुणवत्तेची पट्टी सरकवताना फाइलचा आकार तिथेच दिसतो.

खालची मर्यादा कोणी आणि का घातली असेल हा प्रश्न रास्त आहे. धूसर स्कॅन येऊ नयेत हा हेतू असावा, पण स्वच्छ काळा-पांढरा स्कॅन लहानच असतो आणि त्यालाच शिक्षा होते. उपाय म्हणजे कागद पुन्हा स्कॅन करा: काळ्या-पांढऱ्याऐवजी करड्या छटांत, १५० ऐवजी २०० किंवा ३०० डीपीआयने (इंचामागे ठिपके). ५०० च्या वर गेला तर घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ-साधनाची ‘ईबुक’ मांडणी वापरा, ती चित्रे १५० डीपीआयवर आणते. ‘स्क्रीन’ ७२ वर आणते आणि शिक्का वाचता येत नाही.

आकार बरोबर असूनही फाइल नाकारली तर तीन गोष्टी पाहा. पीएनजीचे नुसते नाव बदलून जेपीजी केले आहे का? ‘फाइल’ ही आज्ञा खरी जात सांगते. फाइलच्या नावात मराठी अक्षरे, मोकळी जागा किंवा दोन टिंबे आहेत का? आणि पीडीएफला पासवर्ड आहे का?

प्रश्न: आडनाव कऱ्हाडे. पोर्टलवर टाइप करते तेव्हा बरोबर दिसते, पण प्रमाणपत्रावर ‘कर्हाडे’ छापून येते. दुसऱ्या ठिकाणी ‘नाव जुळत नाही’. — वाचक, सातारा

उत्तर: हा प्रश्न लिनक्सचा नाही, यूनिकोडचा, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचा आहे, पण लिनक्सवर तो तपासणे सोपे.

डोळ्याला सारखा दिसणारा ‘ऱ्ह’ संगणकात निदान दोन प्रकारे लिहिला जातो. पहिल्यात खालचे टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, मग ह. पुष्कळ पोर्टले ‘अनावश्यक’ अक्षरे गाळताना हा अदृश्य जोडक काढून टाकतात. तो गेला की उरतो साधा र, हलन्त, ह, आणि त्याचा नियमाप्रमाणे रफार होतो: कर्हाडे. तुमचे आडनाव असे बिघडते.

आपल्याकडचे कोणते आहे ते बॅकस्पेसने कळते. लिब्रेऑफिसमध्ये आडनाव लिहून शेवटून एकेक बॅकस्पेस मारा आणि मोजा. सातांत शब्द संपला तर पहिला प्रकार, आठ लागले तर दुसरा. दुसऱ्या प्रकारात पाचव्या बॅकस्पेसने पडद्यावर अक्षर न जाता फक्त रूप बदलेल. तो तुमचा जोडक.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर पहिल्या प्रकारचा ‘ऱ्ह’ असा उमटतो: शिफ्टसह जे, मग डी, मग यू. प्रत्येक पोर्टलवर याच पद्धतीने भरा. दुसरीकडून चिकटवू नका. ‘ॲ’चीही अशीच दोन रूपे आहेत: एकच अक्षर असलेला ॲ, जो यूनिकोडमध्ये २००८ साली ५.१ व्या आवृत्तीत आला, आणि अ-वर चंद्र देऊन केलेला. ‘ॲड.’ लावणाऱ्या वकील मंडळींनी लक्ष द्यावे.

प्रश्न: मी कर-सल्लागार आहे. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन उबुंटूवर लावले, दिवा लागतो, पण ब्राउझरला ते दिसत नाही. — वाचक, इचलकरंजी

उत्तर: दिवा फक्त वीज पोचल्याचे सांगतो. टोकनपासून पोर्टलपर्यंत चार कड्या आहेत, एकेक तपासा.

पहिली कडी टोकनाशी संपर्क साधणारी पीसीएससीडी ही सेवा. ‘पीसीएससीडी’, ‘पीसीएससी-टूल्स’ आणि ‘ओपनएससी’ ही पॅकेजे बसवा, टोकन काढून पुन्हा लावा आणि ‘पीसीएससी_स्कॅन’ चालवा. टोकनाचे नाव आले तर ही कडी ठीक.

दुसरी कडी पीकेसीएस-११ चे मॉड्यूल, म्हणजे टोकनाची भाषा समजणारी लायब्ररी. इ-पास २००३ जातीच्या टोकनांना ओपनएससीचे मॉड्यूल समजते, पण इथे एक खोच आहे. विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या टोकनाची आतली मांडणी ओपनएससीच्या मांडणीहून वेगळी असते, आणि सही तर विक्रेत्यानेच भरून दिलेली असते. म्हणून टोकन दिसते, प्रमाणपत्र दिसत नाही. अशा वेळी विक्रेत्याची लिनक्ससाठीची लायब्ररी आणून ‘पीकेसीएस११-टूल’ला तिचा मार्ग द्या. काहीही झाले तरी ‘इनिशियलाइज’ म्हणणारा पर्याय दाबू नका. त्याने टोकन कोरे होते, खाजगी किल्ली कायमची जाते आणि सही नव्याने विकत घ्यावी लागते. पिनही अंदाजाने टाकत बसू नका. ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होते.

तिसरी कडी ब्राउझर. फायरफॉक्समध्ये सुरक्षा साधने, लोड, आणि त्या लायब्ररीचा मार्ग. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधून येतो. स्नॅप पिंजऱ्यात चालतो, बाहेरच्या फोल्डरातली लायब्ररी त्याला उचलता येत नाही. टोकनाचे काम करायचे असेल तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे डेब पॅकेज बसवा. तुमच्या बाबतीत गाडी इथेच अडली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

चौथी कडी आपल्या हातात नाही. पोर्टल टोकनाशी थेट बोलत नाही. ते तुमच्याच संगणकावर चालणाऱ्या एका सही-सहायक प्रोग्रामशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलते, आणि तो प्रोग्राम टोकनाशी. म्हणजे पहिल्या तिन्ही कड्या शाबूत असल्या तरी त्या पोर्टलच्या सहायकाची लिनक्स आवृत्ती नसेल तर सही होणार नाही. उतरवण्याच्या पानावर लिनक्स आहे का ते आधी पाहा. नसेल तर त्याच टोकनाने पीडीएफवर सही करणे तरी चालू राहते: ओक्युलर, लिब्रेऑफिस किंवा जेसाइनपीडीएफ.

आणि अशीलाला टोकन लागतेच का, हेही विचारा. जीएसटीत कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्व भागीदारीला) ते सक्तीचे आहे, एकल मालकाला ओटीपीची ईव्हीसी (इलेक्ट्रॉनिक पडताळणी) चालते. नवे घ्यायचे असेल तर वर्ग ३ चेच मिळते. वर्ग २ ची सही १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून लिनक्सची लायब्ररी मागून घ्या, पैसे नंतर द्या.

प्रश्न: वडील केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक, वय ८२. जीवन प्रमाण या डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणले, ते लिनक्सवर चालत नाही. — वाचक, ठाणे

उत्तर: यंत्र परत करता येत असेल तर करा. आधारसाठी ठसा घेताना यंत्राबरोबर नोंदणीकृत आरडी सेवा लागते, ठसा तिथेच सांकेतिक होऊन पुढे जातो, आणि जीवन प्रमाणचा प्रोग्राम विंडोज व अँड्रॉइडसाठी आहे. शिवाय ८२ व्या वर्षी ठसे पुसट झालेले असतात. अँड्रॉइड फोनवर चेहऱ्याने प्रमाणीकरण होते. वडिलांना खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको. फोन गूगलविरहित असेल तर तेही अडू शकते. मग पोस्टमनला घरी बोलवा, किंवा बँकेत कागदी हयातीचा दाखला द्या. तो आजही चालतो. ८० च्या पुढच्यांना नोव्हेंबरची गर्दी टाळून १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

प्रश्न: माझ्या संगणकावर मुक्त नसलेले काहीच चालवत नाही, लिब्रेजेएससुद्धा बसवले आहे. सरकारी पोर्टले पांढरी दिसतात. — वाचक, पुणे

उत्तर: दिसणारच. लिब्रेजेएस हे ब्राउझरचे एक्स्टेन्शन मुक्त परवाना नोंदवलेली किंवा अगदी क्षुल्लक जावास्क्रिप्टच (पानातले प्रोग्राम) चालू देते, आणि सरकारी पोर्टलांच्या स्क्रिप्टवर परवान्याची नोंद सहसा नसते. तत्त्व सोडायचे नसेल तर अर्ज कागदावर, संबंधित पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, पोच घेऊन द्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मधली मुदत आणि अपिले कागदी अर्जालाही आहेत. सेतू केंद्रात गेलात तर जावास्क्रिप्ट दुसऱ्याच्या संगणकावर चालेल, एवढाच फरक. त्याने तुमचे समाधान होते का, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न: हे सगळे उपाय झाले. पण पोर्टलच दुरुस्त व्हावे म्हणून नेमके कुठे आणि काय लिहायचे? ‘लिनक्सवर चालत नाही’ असे कळवले तर ‘विंडोज वापरा’ असे उत्तर आले. — वाचक, कोल्हापूर

उत्तर: कारण तक्रारीत धरायला काही नव्हते. तीन कागद हाताशी ठेवा आणि कोणता कुठे लागू हे नीट बघा.

खुल्या मानकांचे धोरण, नोव्हेंबर २०१०: ई-प्रशासनातली फाइल आणि माहिती एकाच कंपनीच्या रचनेत अडकू नये यासाठी. एक्सएफए, मॅक्रोची एक्सेल फाइल यांवर हे लावायचे. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकाराचे धोरण, २०१५: निविदेत पुरवठादाराला मुक्त-स्रोत पर्यायाचा विचार करायला सांगावे, आणि तो वगळला तर कारण मागावे. पुष्कळ जण हेच धोरण तक्रारीत उगारतात आणि फसतात, कारण ते सरकारच्या खरेदीला बांधते. तुमच्या ब्राउझरबद्दल त्यात काही नाही. तुमच्या कामाचा तिसरा कागद: सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे, जीआयजीडब्ल्यू, ज्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. संकेतस्थळ वेगवेगळ्या ब्राउझरांत तपासलेले असावे, हे त्यात आहे. ब्राउझरचा फलक असेल तर हीच तत्त्वे पुढे करा.

तक्रारीत पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ, प्रणाली आणि ब्राउझरची आवृत्ती, चूक दाखवणारा संदेश अक्षरशः, आणि फायरफॉक्सच्या कन्सोलचे (एफ१२) छायाचित्र द्या. ‘विंडोजवरही हीच चूक येते’ किंवा ‘ओळखपट्टी बदलल्यावर पान चालते’ यांपैकी जे खरे असेल ते लिहा. दुसरे वाक्य विशेष गुणकारी, कारण दुरुस्ती म्हणजे एक अट काढणे एवढीच आहे हे त्यातून दिसते. केंद्राच्या खात्यासाठी सीपीग्राम्स हे तक्रार-पोर्टल, तिथे २०२४ पासून २१ दिवसांची मुदत आहे. राज्याच्या खात्यासाठी आपले सरकारचे तक्रार-दालन.

उत्तर टोलवाटोलवीचे आले तर माहितीचा अधिकार. ‘का’ असे विचारू नका. कारणे सांगायला माहिती अधिकारी बांधील नाही, नोंदी द्यायला आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून असे लिहा:

‘आपल्या कार्यालयाच्या अमुक पोर्टलबाबत पुढील अभिलेखांच्या प्रती द्याव्यात. (१) पोर्टल ज्या ब्राउझरांवर व प्रणालींवर तपासले त्यांच्या चाचणी-अहवालाची प्रत. (२) जीआयजीडब्ल्यूनुसार झालेल्या शेवटच्या तपासणीचा अहवाल व एसटीक्यूसी प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत. (३) पोर्टलच्या निविदेतील ब्राउझर व प्रणालीविषयक कलमांची प्रत. (४) विशिष्ट ब्राउझर सक्तीचा करण्याच्या निर्णयाची टिप्पणी.’

दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून जोडपत्र ‘अ’मध्ये हे जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, किंवा राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून पाठवा. मुदत ३० दिवस. त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील. चौथ्या मुद्द्यावर ‘अशी टिप्पणी आढळून येत नाही’ असे उत्तर आले तर ते पत्र जपून ठेवा आणि पुढच्या तक्रारीला पहिले जोडपत्र म्हणून तेच लावा.